वरची रेघ

२० मार्च

प्रिय ठेंगू,

तुझं पत्र काल आलं. तुझा दादा घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला तसंच ठेवून दुकानातून घरात आला आणि म्हणाला, "काय म्हणतेय?" मी म्हटलं, "तूच वाच की." त्याने वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "बरंय." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, याहून लांब वाक्य त्याच्या तोंडून चारदा ऐकलं असेल.

इथे सगळं ठीक. यंदा माझ्या पहिलीच्या वर्गात एकतीस मुलं आहेत आणि 'क' उलटा काढला तरी चालतो यावर एकतिसांचंही एकमत आहे. घराला रंग दिला. रंगारी स्वयंपाकघराच्या चौकटीलाही ब्रश लावायला निघाला होता, मी आडवी उभी राहिले. तुझ्या उंचीच्या रेघा आहेत तिथे, सहाव्या वर्षापासून ते तू होस्टेलला गेलीस त्या सकाळपर्यंतच्या. तो म्हणाला, "बाई, एवढी कळकट चौकट अशीच ठेवायची?" ठेवली. आता घर नवंकोरं आणि चौकट तेवढी जुनी.

आणि हो, मी केस कापले. मानेपर्यंत. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई म्हणतात, दहा वर्षांनी लहान दिसते. फार मोकळं वाटतं. फोनवर सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, म्हणून पत्रात.

वह्या तपासायच्यात, आटपते.

तुझी वहिनी

८ एप्रिल

वहिनी,

केस कापलेस? माझ्या लहानपणच्या निम्म्या आठवणी त्या वेणीला धरून चालतात आणि तू मला विचारलंही नाहीस! फोटो पाठव. पसंत पडला नाही तर परत लांब कर.

आता बस. बसलीस? मग पुढचं वाच.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तू मामी होणार आहेस. कागदोपत्री मामी. खरं तर आजी, पण ते तू कबूल करणार नाहीस, त्यात आता केसही कापलेस.

मागच्या वेळी मी घाईघाईने सगळ्यांना सांगितलं होतं आणि मग एकेकाला परत सांगावं लागलं की नाही राहिलं. म्हणून या वेळी फक्त तुला आणि दादाला. आमच्या बेकरीवाल्याला माहीत आहे, अर्थात, बापच तो. तो आनंदाने दोन दिवस पावात मीठ घालायला विसरला.

तू ये. शेवटचा महिना आणि पुढचे दोन. मी दवाखान्यात दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, खांदे फिरवते, लोक मला मोठी फिजिओथेरपिस्ट समजतात. पण एवढ्याशा बाळाला कसं धरायचं ते मला येत नाही. आई गेल्यावर मी कोणाला हात लावू देत नव्हते, आठवतं? तू घरात नवी नवरी. विचारलं नाहीस, समजूत काढली नाहीस. काखेत हात घालून उचललंस, ओट्यावर बसवलंस आणि म्हणालीस, "ठेंगू, लसूण सोल." मला तसं उचलणारं माणूस घरात हवं आहे.

तुझी ठेंगू

२१ एप्रिल

प्रिय ठेंगू,

पत्र वाचून इतकी रडले की शेजारच्या काकू काही वाईट बातमी आली समजून धावत आल्या. तुझ्या दादाने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात तासाचा काटा मिनिटाच्या जागी बसवला. काळजी घे. पेशंटना उचलायचं काम दुसऱ्या कुणाला दे.

येणं मात्र जमणार नाही गं. नोव्हेंबरात शाळेची तपासणी आहे, रजा मिळायची नाही. तिथे एखादी चांगली, शिकलेली बाई मिळेल. ती माझ्यापेक्षा नीट धरेल बाळाला.

पत्र लहान झालं, रागावू नकोस.

वहिनी

९ जून

वहिनी,

दीड महिना तुला लिहिलं नाही. फोनवर 'बरी आहे' म्हटलं आणि ठेवला. तुझाच नियम आहे ना, की फोनवर माणूस काहीही ठोकून देतं, अक्षरात लपवता येत नाही? म्हणून लिहिलंच नाही.

मी रागावले होते. माझ्या बारावीच्या परीक्षेला तू महिनाभर रजा टाकून माझ्याशेजारी बसून राहिलीस. तेव्हा तपासणी नव्हती? मला वाटलं, शेवटी नणंदच मी, पोटची थोडीच आहे. असं वाटलं म्हणून लिहिते, माफ कर.

आज भांडायला मुद्दे हवेत म्हणून तुझं एप्रिलचं पत्र पुन्हा काढलं. बघते तर शब्दांवर रेघच नाही. एकाही शब्दावर नाही! सगळी अक्षरं उघडीबोडकी. आणि हे कोणी केलं, तर जिने माझं होस्टेलमधलं पहिलं पत्र लाल शाईने रेघा मारून परत पाठवलं होतं तिने. खाली शेरा होता: 'आधी अक्षरं, मग छप्पर. बिचारी भिजतील.' मला असा राग आला म्हणून सांगू! माझ्या पत्रावर छप्पर घालायलाही तुला सवड नाही?

मग मी सूड घ्यायचा ठरवला. लाल पेन घेतलं आणि तुझ्याच पत्रावर रेघा मारायला बसले. सहा-सात ओळी झाल्या असतील आणि माझा हात थांबला.

वहिनी, अक्षर काढताना बोटं हलतात. रेघ ओढताना कोपर अंगाशी राहतं आणि हात बाहेरच्या बाजूला वळतो. हे मी दिवसातून दहा जणांना करायला लावते. "कोपर पोटाला चिकटवा, आता हात बाहेर न्या." ज्यांचा खांदा आखडलाय त्यांना आधी हेच जमेनासं होतं. आणि मग हात मागे नेऊन वेणी घालणं.

तू केस का कापलेस?

तुझं पत्र परत पाठवते आहे, अर्ध्या लाल रेघांसकट. उरलेल्या मारून दाखव, नाहीतर खरं सांग.

ठेंगू

१८ जून

ठेंगूबाई,

पकडलंस. एवढं शिकवून ठेवलं ते माझ्याच अंगाशी आलं.

उजवा खांदा. डिसेंबरपासून. आधी वाटलं, उशीवर अवघडला असेल. मग दंडात ठणका उतरला, मग कुशीवर झोपता येईना, मग पाठीशी हुक लावता येईना. एके दिवशी अर्धी वेणी घालून आरशासमोर उभी राहिले आणि हात वर राहीचना. दादाला हाक मारायची लाज वाटली. संध्याकाळी जाऊन केस कापून आले. मोकळं-बिकळं काही वाटत नाही. मान उघडी पडल्यासारखी वाटते.

काकूंनी तेल दिलं, ते लावलं. चित्रकलेच्या बाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने हात असा हिसडला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेव्हापासून जास्तच. मग म्हटलं, वय झालं, बाईच्या जातीला कुठे ना कुठे दुखायचंच.

वर्गात फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिते आणि रेघ मारायची विसरले असं दाखवते. एप्रिलात परीक्षेआधी वह्या तपासायला घेतल्या तर एकतीसच्या एकतीस वह्यांत अक्षरांना छप्पर नाही! एका मुलाच्या आईने विचारलं, "बाई, ही नवी पद्धत आली का?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. मुख्याध्यापिकांच्या कानावर गेलं तर माझी धडगत नाही.

आता खरं कारण. गेल्या वर्षीच्या वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीचा हात नळाला पुरत नव्हता, म्हणून मी तिला रोज उचलून पाणी पाजायचे. जानेवारीत एक दिवस उचललं आणि ती हातातून सुटली. बुडावर आपटली आणि हसायला लागली. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. तुझं पत्र आलं तेव्हा आधी आनंद झाला आणि लगेच ती सुटलेली पोर डोळ्यांसमोर आली. तुझं बाळ माझ्या हातून पडलं तर? एकदा तू सोसलंस, पुन्हा आणि माझ्यामुळे, छे, लिहवत नाही. तपासणी-बिपासणी काही नाही. मायेत कमी नाही गं मी, हातात कमी आहे.

आणि पोटची नाही असं परत लिहिलंस तर डाव्या हाताने कान पिळेन. तो शाबूत आहे.

वहिनी

ता. क. (हे मी, दादा.) ती सांगते त्याहून जास्त दुखतंय. मलाही आत्ताच कळलं. मी रोज शेजारी बसतो आणि मला दिसलं नाही. काय करायचं ते लिही, मी करीन.

२४ जून

वहिनी,

दादाने एका दमात चार वाक्यं लिहिली! ते पत्र मी मरेपर्यंत जपणार.

मी आधी रडले. बेकरीवाल्याने गरम पाव पुढे केला, तो खाल्ला, पुन्हा रडले आणि आता लिहायला बसले. पत्र टाकल्या टाकल्या फोनही करणार आहे, कारण पहिला प्रश्न टपालाच्या भरवशावर सोडता येत नाही. जिना चढताना छाती भरून येते का? जबडा, दंड दुखतो, दम लागतो, घाम सुटतो, असं काही? असेल तर दादाला दुकान बंद करायला लाव आणि त्याच पावली मोठ्या दवाखान्यात जा. बायका हात चोळत बसतात आणि कधी कधी दुखणं हाताचं नसतंच, काळजाचं असतं. दुसरं, बोटं बधिर होतात का, मान वळवली की कळ खाली येते का? तिसरं, काखेत किंवा छातीत कुठे गाठ लागते का? खरं सांग, त्या मुलाच्या आईला सांगितलंस तसं नको.

यातलं काहीच नसेल तर माझ्या मते खांदा आखडलाय. तुझ्या वयाच्या बायकांचा फार आखडतो. का, ते आम्हालाही धड सांगता येत नाही. साखर असेल तर जास्त, म्हणून रक्त तपासून घे. हाडांच्या डॉक्टरकडे जा. त्या हाडं बसवणाऱ्याच्या दारात पुन्हा दिसलीस तर मी हे पोट घेऊन तिथे येईन.

हा खांदा बहुतेक वेळा सुटतो, वहिनी. पण त्याच्या चालीने सुटतो. कोणाला वर्ष लागतं, कोणाला दोन. डॉक्टरांनी हो म्हटलं की शेक घ्यायचा आणि भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी. सोसेल तिथवरच. जिथे थांबशील तिथे पेन्सिलीने खूण कर. नव्या रंगावर कुठे खुणा करायच्या ते तू बघ.

आणि मला सांगितलं का नाहीस? जगाचे खांदे मी बघते आणि माझ्या घरचा तेवढा मला कळला नाही.

ठेंगू

२० जुलै

प्रिय ठेंगू,

तिन्ही प्रश्नांना 'नाही' हे फोनवर सांगितलंच. आता डॉक्टरची गंमत ऐक. दार उघडून आत जाते तर समोर माझीच विद्यार्थिनी! पहिलीत 'ळ' काढताना जीभ बाहेर काढायची ती. आता हाडांची डॉक्टर. मला म्हणाली, "बाई, हात वर करा." वर्षभर मी तिला हेच सांगत होते, तिने फेड केली. माझा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. ती म्हणाली, "बाई, इतके महिने थांबलात कशाला?" मान खाली घालून उभी राहिले, गृहपाठ न केलेल्या मुलासारखी.

हाडाचा फोटो चांगला आला. रक्तात साखर निघाली. गोड बंद, चालणं सुरू, गोळ्या सुरू. सांध्यात एक इंजेक्शन दिलं, त्याने ठणका बराच उतरला, निदान झोप लागते. तुझा दादा रोज शेकाची पिशवी आणि हातात घड्याळ घेऊन समोर बसतो. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं, सोळावं मागितलं तर मिळत नाही. माझे केसही तोच विंचरतो. जुन्या घड्याळातलं बारीक चाक काढावं इतक्या हळू एकेक गुंता काढतो. ठेंगू, अठ्ठावीस वर्षांत मला कोणी असं सांभाळलं नव्हतं, कारण मी कोणाला सांभाळू दिलं नाही.

आता भिंत. नव्या रंगावर खुणा करायला जीव होईना, म्हणून चौकटीशी उभी राहिले. बोटं चढत गेली आणि जिथे अडली तिथे तुझी रेघ निघाली, 'ठेंगू, वय ८'. म्हणजे मी सध्या आठ वर्षांची आहे. तुझी सगळ्यात वरची रेघ सतराव्या वर्षाची. तिथवर पोचले की तुझ्याकडे यायचं तिकीट काढीन, आधी नाही. बाळाच्या बाबतीत मी जोखीम घेणार नाही.

वहिनी

१८ ऑगस्ट

वहिनी,

अट मान्य. पण माझ्याही अक्षराकडे बघ आणि हसू नकोस. सकाळी उठलं की दोन्ही हातांना मुंग्या आलेल्या असतात, पेन धरवत नाही. काळजीचं नाही, गरोदरपणात अंगात पाणी साठतं आणि मनगटातली नस दबते. बाळंतपणानंतर बहुधा जातं. झोपताना मनगटाला पट्टा बांधते. बेकरीवाला म्हणतो, "तुम्हा नणंद-भावजयांचे चार हात, त्यातला धड एक." त्याला पोळपाटाने मारणार होते, पण पोळपाट उचलवेना.

बाळ लाथा मारतं. तुझं पत्र मोठ्याने वाचलं की जास्त मारतं. कितव्या वर्षात आहेस?

ठेंगू

१५ सप्टेंबर

प्रिय ठेंगू,

अकराव्या. पंचवीस दिवस झाले, अकरावरच अडकलेय.

तूही अडकली होतीस तिथे. अकराची आणि बाराची रेघ जवळजवळ एकावर एक आहे. चौकटीला टेकून तू किती रडलीस! मी म्हटलं, "जुनी रेघ पुसून थोडी खाली काढू का, म्हणजे वाढल्यासारखी दिसशील?" तू नाक पुसून म्हणालीस, "खोटं नको." काल ते आठवलं, कारण काल मी तेच करत होते. बोटं वर सरकली, बाराची रेघ ओलांडली, मी खूश! दादाने वर बघितलंच नाही, खाली बघितलं आणि म्हणाला, "टाचा."

टाचा उचलल्या होत्या मी. एवढी मोठी बाई.

शाळेत मात्र खोटं बोलायचं सोडून दिलं. मुलांना सांगितलं, बाईंचा हात आजारी आहे, अक्षरं मी काढते, छप्पर तुम्ही घाला. आता रोज एक मूल स्टुलावर चढतं आणि माझ्या शब्दांवर रेघ मारतं. रेघा डोंगरासारख्या वरखाली जातात, पण पाळीवरून भांडणं होतात. वह्यांतल्या अक्षरांनाही छपरं आली.

तुला खरं सांगते, मला भीती वाटते. नोव्हेंबर येईल आणि मी अकरा वर्षांचीच राहीन.

वहिनी

१९ ऑक्टोबर

वहिनी,

मुलगी. परवा सकाळी. तीन आठवडे आधीच निघाली, वाट बघणं तिला जमत नाही. अडीच किलो, साडेअठरा इंच. दोघी ठीक आहोत. फोनवर तू नुसती रडलीस, काही ऐकलं नाहीस, म्हणून लिहून पाठवते.

नाव ठेवलं नाही. तू आल्याशिवाय ठेवणार नाही.

हे नीट वाच. बाळाला उचलायला बापाचे दोन हात आहेत. तो तिला ताज्या पावासारखं धरतो, जपून आणि थोडं नाकाजवळ. तुझ्या मांडीवर उशी ठेवीन आणि उशीवर तिला. त्याला खांदा लागत नाही. पण काल मी कारण नसताना दोन तास रडत बसले होते आणि मला कोणी "लसूण सोल" म्हणालं नाही. बाळ उचलणारी मला नकोच आहे. मला उचलणारी हवी आहे.

रेघ गेली खड्ड्यात. ये.

ठेंगू

२ नोव्हेंबर

प्रिय ठेंगू,

पत्र हातात घेऊनच चौकटीशी गेले. टाचा जमिनीवर, तुझा दादा गुडघ्यांवर बसून पहाऱ्याला. बोटं चढली. बारा गेलं. तेरा गेलं. चौदाच्या रेघेवर थांबली आणि तिथून हलेनात. सतराची रेघ अजून चार बोटं वर आहे. तू म्हणाली होतीस ना, खोटं नको. तर पोचले नाही. डॉक्टरीणबाई म्हणते, सुटतोय, अजून काही महिने द्या.

मी तशीच उभी होते. मग दादा खालूनच म्हणाला, "पोरीला साडेअठरा इंच पुरतात. तू वर काय शोधतेस?"

हे त्याचं पाचवं लांब वाक्य.

मग मी खाली बसले. त्याने पट्टी धरली, जमिनीपासून साडेअठरा इंच मोजले. पेन्सिल मी घेतली, उजव्या हातात. कोपर पोटाला चिकटवलं, तू सांगतेस तसं, आणि हात बाहेर नेला. दुखलं. पण रेघ निघाली, चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ, एकदाही हात न उचलता. जवळजवळ वर्षाने अशी रेघ मारली. मी तिथेच जमिनीवर बसून रडले आणि तुझा दादा शेजारी बसून राहिला. या पत्रातले शब्दही बघ. एकही भिजणार नाही.

तिकीट काढलं. मंगळवारी दुपारी पोचते. लसूण आणून ठेव.

आयुष्यभर मुलांना शिकवलं, आधी अक्षरं, मग छप्पर. तुझ्या लेकीच्या बाबतीत माझं उलटं झालंय. रेघ मारून ठेवली आहे, तिच्याखाली नावाची जागा मोकळी आहे. ती आपण दोघींनी मिळून भरायची.

तुझी वहिनी